पांढरीचे टेकाड आणि गावची शाळा



प्राचीन संस्कृती म्हटली की शाळकरी मुलांच्या डोळ्यांपुढे मोहेंजोदडोचे स्नानकुंड किंवा ईजिप्तचे पिरॅमिड उभे राहतात. स्नेहसंमेलनात पुठ्ठ्याचे पिरॅमिडही उभारले जातात. त्यात वावगे काही नाही. परंतु नाईलकाठची माती या मुलांच्या हाताला लागणे कठीण. प्रवरा, घोड आणि गोदावरी यांच्या काठची माती मात्र ती रोज तुडवीत असतात.

आपल्याकडे गावच्या जमिनीचे काळी आणि पांढरी असे दोन भाग पूर्वापार मानले जातात. काळी पिकवायची, पांढरीवर वस्ती करायची. पिढ्यान्‌पिढ्या ढासळलेल्या मातीच्या भिंती, चुलीतील राख आणि गोठ्यातील केरकचरा यांमुळे वस्तीची माती पांढुरकी व भुसभुशीत होते आणि ओसाड पडलेल्या गावाचे टेकाड बनते. पुरातत्त्वज्ञ ज्याच्या शोधात हिंडतात ते हेच टेकाड. दुर्दैवाने हीच माती शेताला चांगली म्हणून, धाब्याच्या घरांवर घालण्यासाठी म्हणून गाड्या भरभरून नेली जाते.

अशाच एका पांढरीने महाराष्ट्राच्या पहिल्या शेतकऱ्यांची ओळख करून दिली. पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. तेथे १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजच्या विद्वानांनी उत्खनन केले. ताम्रपाषाणयुगातील शंभराहून अधिक घरांचे अवशेष तेथे उजेडात आले. ही माणसे सातू पिकवीत, पाण्यासाठी पाट काढीत, तांबे दुर्मीळ असल्याने गारगोटीच्या जातीच्या दगडाच्या पात्या वापरीत. दगावलेल्या बाळाला दोन कुंभांत, तोंडाला तोंड लावून, राहत्या घराच्या जमिनीखालीच पुरीत. (हा भाग शिक्षकांनी जपून सांगावा. ऐकणाऱ्यांत एखादी माता अशी असते की तिला तीन हजार वर्षांचे अंतर जाणवत नाही.) आरंभीची घरे चौकोनी व प्रशस्त होती, अखेरच्या काळात शेती खालावली आणि लहान गोल झोपड्या आल्या. अवर्षणाने गाव कसे खंगते, हे त्या जमिनींवरून वाचता आले.

असे वाचन मुलांना शिकविता येते, आणि त्यासाठी टेकाडाला कुदळ लावण्याची मुळीच आवश्यकता नाही. कार्यशाळेचे साहित्य म्हणजे कुंभारवाड्यातील फुटकी मडकी, पुठ्ठा, कंपास आणि दोरी. पुठ्ठ्यावर एकाच मध्यबिंदूभोवती एकेक सेंटिमीटर अंतराने वर्तुळे काढावीत. मडक्याच्या काठाचा तुकडा घेऊन त्याची वक्रता कोणत्या वर्तुळाशी जुळते ते मुलांनी पाहावे. तेच त्या मडक्याच्या तोंडाचे माप. बोटभर खापरीवरून अख्खा रांजण कागदावर उतरतो, तेव्हा वर्तुळाच्या त्रिज्येचा उपयोग काय, असे कोणी विचारीत नाही. उत्खननाच्या छावणीतही काठांची मापे याच पद्धतीने घेतली जातात. नंतर खापऱ्यांची जात लावावी: चाकावरची कोणती, हातघडणीची कोणती, आतून काळी का राहिली, तोटी कोठे जोडली होती. येथे गुरुपद गावच्या कुंभाराकडे जाते, आणि ते जावे हेच योग्य. लाल पृष्ठावर काळी नक्षी असलेली, तोटीची भांडी ही संगमनेरजवळच्या जोर्वे गावाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्कृतीची खूण आहे. तिचे चित्र समोर असले की मुले ती तोटी मातीत घडवून पाहतात. भिंतीच्या कुडाचे आणि सारवणाचे ज्ञान मात्र वयस्क स्त्रियांपाशी आहे. त्यांना प्रेक्षक म्हणून बसवू नये.

थरांचा धडा उकिरड्यावर घ्यावा. कालचा केर वर, गतवर्षीचा खाली. मध्येच कोणी खड्डा खणला तर खालचे वर येते आणि क्रम मोडतो. एवढे कळले की दायमाबादची गोष्ट सांगावी.

आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, श्रीरामपूर तालुक्यात, प्रवरेच्या काठी हे स्थळ आहे. १९७४ साली एका स्थानिक शेतकऱ्याला झुडपाच्या बुडाशी खणताना कांस्याची चार शिल्पे मिळाली: बैलजोडीचा रथ हाकणारा पुरुष, हत्ती, गेंडा आणि रेडा. सर्वांचे मिळून वजन साठ किलोंहून अधिक. अशी भरीव ओतीव शिल्पे म्हणजे भारतीय कलेचे वैभव होय. तथापि ती शास्त्रीय उत्खननात, थरांच्या साक्षीने निघाली नाहीत. डॉ. सा. अ. साळी यांनी पुढे तेथे विस्तृत उत्खनन करून सावळदा, उत्तर हडप्पा, दायमाबाद, माळवा आणि जोर्वे असे पाच संस्कृतींचे थर उलगडले व शिल्पे उत्तर हडप्पा काळातील मानली. काही अभ्यासकांनी धातूतील सोमलाच्या प्रमाणावरून शंका घेतली. हा वाद मिटविण्यास शिल्पे स्वतः असमर्थ आहेत. ज्या मातीत ती होती तिनेच उत्तर दिले असते. त्या शेतकऱ्याकडे यात दोष जात नाही; मातीलाही बोलता येते, हे त्याला कोणी सांगितलेले नव्हते.

हे सांगण्याचे काम शाळेइतकेच पंचायतीचे आहे. आपले गाव शेजारच्या गावापेक्षा किती जुने, या चढाओढीसाठी कार्यशाळा भरवू नये; तिचा शेवटचा तास चावडीवर व्हावा. गावच्या शिवारात पांढर कोठे आहे, गट क्रमांक कोणता, माती कोण उचलतो, याची नोंद मुलांनी वडीलधाऱ्यांना विचारून करावी आणि ती ग्रामसभेपुढे ठेवावी. सरपंचांनी तिची एक प्रत राज्याच्या पुरातत्त्व विभागाकडे धाडावी. नांगराच्या फाळाला काही लागले तर ते धुऊन, घासून चकचकीत करू नये. जागेवर खूण करून तलाठ्यास कळवावे. जमिनीत सापडलेली दहा रुपयांहून अधिक मोलाची ठेव जिल्हाधिकाऱ्यांना कळविणे १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार बंधनकारकच आहे.

कार्यशाळेसाठी सुगीनंतरचे दिवस सोयीचे. माती हवेशीर सावलीत सावकाश वाळते, कुंभाराची भट्टी पेटलेली असते, आणि मुलांनी घडविलेली तोटीची भांडी त्याच्या मडक्यांबरोबरच भाजून निघतात. काही तडकतील. त्या खापऱ्या पुढील वर्षीच्या मुलांसाठी जपून ठेवाव्यात.