इंदूरचे सरते वर्ष



सन २०२५ ने आम्हां इंदूरकरांस मान दिला आणि मान खालीही घालावयास लावली. ३१ मे रोजी पुण्यश्लोक अहिल्यादेवींच्या जन्मास ३०० वर्षे झाली. त्याच दिवशी नगरीत मेट्रो धावू लागली. १७ जुलै रोजी स्वच्छतेचा राष्ट्रीय सन्मान आठव्यांदा लाभला. तो पहाटे झाडू हाती घेणाऱ्या कामगारांचा, ओला-सुका कचरा निराळा ठेवणाऱ्या गृहिणींचा! परंतु डिसेंबरअखेर भागीरथपुऱ्यात नळाला दूषित पाणी आले आणि माणसे दगावली. ज्या देवींनी देशभर घाट-विहिरी बांधविल्या, त्यांच्याच नगरीत हे घडावे? झाडलेला रस्ता दिसतो. जमिनीखालची जलवाहिनी दिसत नाही. नव्या वर्षी आम्ही प्रथम तिच्या दुरुस्तीचा आग्रह धरू. तोवर सत्काराचे हार बाजूस ठेवू.