उन्हाळी की क्षय?



भारतातील पहिल्या महिला डॉक्टरांपैकी एक, डॉ. आनंदीबाई जोशी यांचे २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुणे शहरात क्षयाने निधन झाले. तेव्हा त्या अवघ्या २१ वर्षांच्या होत्या. रॉबर्ट कॉक यांनी क्षयाचा जंतू शोधल्याचे १८८२ मध्येच जाहीर केले होते. परंतु त्यावर गुणकारी औषध मिळावयास १९४० चे दशक उजाडावे लागले. आज औषध आहे. रोग वेळेवर ओळखला जात नाही, ही खरी अडचण आहे.

क्षय म्हणजे खोकला आणि बेडक्यातून पडणारे रक्त, अशी सर्वसाधारण समजूत आहे. प्रत्यक्षात फुप्फुसांत शिरलेले जंतू रक्तावाटे मूत्रपिंडांतही पोचतात आणि तेथे अनेक वर्षे सुप्त राहतात. ते पुन्हा प्रबळ झाले की लघवीला वारंवार जावे लागते, जळजळ होते, कधी रक्त पडते. खोकला नसतो, छातीची क्ष-किरण तपासणीही निर्दोष येऊ शकते. घरातील मंडळी 'उन्हाळी लागली' म्हणून धने-जिऱ्याचे पाणी देतात. दवाखान्यात प्रतिजैविकांच्या गोळ्या मिळतात. त्यांपैकी काही औषधे क्षयजंतूंनाही काहीशी दाबून ठेवतात. त्यामुळे तात्पुरता आराम पडतो आणि निदान लांबते. दरम्यान मूत्रवाहिनी व्रणांमुळे आकसते, लघवी तुंबते आणि मूत्रपिंड कायमचे निकामी होते.

यास्तव एक खूण ध्यानात ठेवावी. लघवीत पू आढळतो, पण नेहमीच्या तपासणीत कोणताही जंतू वाढत नाही आणि गोळ्या घेऊनही त्रास उलटतो, अशा रुग्णाने क्षयाची तपासणी करून घ्यावी. त्यासाठी सामान्यतः लागोपाठ तीन दिवस सकाळची पहिली लघवी तपासावी लागते.

ज्यांचे क्षयावरील उपचार चालू आहेत, त्यांच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी सांगणे अगत्याचे आहे. रिफाम्पिसिन या औषधाने लघवीस नारिंगी-तांबडा रंग येतो. ते रक्त नव्हे. त्या भीतीने गोळ्या सोडू नयेत. दुसरे असे की, क्षयरुग्णास मूत्रमार्गाचा साधा संसर्गही होऊ शकतो, आणि मधुमेह असल्यास त्याची शक्यता वाढते. म्हणून जळजळ होत असल्यास लघवी व रक्तातील साखर दोन्ही तपासावीत, आणि क्षयाचे औषध डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून थांबवू नये.

राष्ट्रीय क्षयरोग दूरीकरण कार्यक्रमाखाली तपासणी व औषधे विनामूल्य मिळतात. पोषणासाठी रुग्णास देण्यात येणारे दरमहा ५०० रुपयांचे साहाय्य नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये करण्यात आले आहे. पुणे शहरात महानगरपालिकेचे दवाखाने आणि ससून रुग्णालय, तर ग्रामीण भागात प्राथमिक आरोग्य केंद्र येथे यासंबंधी मार्गदर्शन मिळते.

लघवीचा त्रास लाजेपोटी लपविला जातो. स्त्रिया तर तो वर्षानुवर्षे सोसतात. शिक्षकांनी, पंचायत सदस्यांनी आणि अधिकाऱ्यांनी ही लाज मोडण्यास हातभार लावावा. शिक्षण वा रोजगारासाठी पुण्यात आलेला रुग्ण गावी परतल्यास त्याचे औषध तेथेही अखंड चालू राहील, याची काळजी गावानेच घ्यावयास हवी. 'उन्हाळी फार दिवस टिकली' एवढी तक्रार कानी पडताच त्या व्यक्तीस तपासणीस धाडले, तर एक मूत्रपिंड वाचू शकेल.