जड पाण्याची बाटली

आमच्या प्रयोगशाळेत जड पाण्याची बोटभर बाटली आली, तेव्हा शिपाई तिला हात लावीना. जड पाणी म्हणजे अणुबाँब, एवढेच त्याच्या कानावर आलेले! तुमचीही समजूत तशीच असेल, तर थोडे ऐका.

या पाण्यातला हायड्रोजन दुप्पट वजनाचा. त्याला ड्यूटेरियम म्हणतात. अमेरिकेत १९३१ साली हॅरॉल्ड यूरी यांनी तो शोधला. तो किरणोत्सर्गी नाही. पाणी दिसायला आपल्या पाण्यासारखेच, पण ३.८ अंश सेंटिग्रेडला गोठते, आणि त्याचा बर्फ साध्या पाण्यात चक्क बुडतो! विद्यार्थी हा प्रयोग पुन्हा मागतात. खर्चाचे मला विचारा.

अणुभट्टीत न्यूट्रॉनचा वेग आवरायला ते लागते. आपल्याकडे नांगलला १९६२ साली त्याचा कारखाना निघाला.

बाटलीचे बूच उघडे टाकू नका. हवेतली वाफ मिसळून पाण्याचा कस उतरतो. हातावर थेंब पडला तर धुवा, झाले. पिण्याचे मात्र ते नव्हे: अंगातले निम्मे पाणी असे झाले, तर प्राणी जगत नाही. आणि अणुभट्टीत वापरलेले जड पाणी वेगळे. त्यात किरणोत्सर्गी ट्रिटियम तयार झालेले असते. तिथे शिपायाची भीती रास्त ठरली असती.

आमची बाटली कोरी आहे, हे पटल्यावर त्यानेच ती कपाटात ठेवली. बूच तेवढे दोनदा आवळून पाहिले.