झील धरणाऱ्यांची नावं

खर्ड्याहून आम्ही बचत गटाच्या बाया बोलतोय. आजचा विषय गाण्याचा आहे, पण मुख्य गाणाऱ्याचा नाही. त्याच्या मागं बसून जे वाजवतात, झील धरतात, त्यांच्याविषयी बोलायचंय.

पोवाडा आठवा. शाहीर ओळ म्हणतो आणि दम घेतो. तेवढ्यात मागचे झीलकरी सूर उचलून धरतात. ते नसतील तर पोवाडा मध्येच बसेल. पण घरी आल्यावर आपण सांगतो ते शाहिराचंच नाव.

रेकॉर्डवरच्या गाण्यांचंही तसंच झालं. गीतरामायण म्हटलं की सुधीर फडक्यांचा आवाज कानात येतो. सगळी गाणी त्यांनीच गायली असं पुष्कळांना वाटतं. खरं तर १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीला, ते पुणे आकाशवाणीवर सुरू झालं तेव्हा त्यात कितीतरी आवाज होते. माणिक वर्मा, मालती पांडे, ललिता फडके, लता मंगेशकर, वसंतराव देशपांडे, राम फाटक. दर आठवड्याला एक, अशी ५६ गाणी झाली. शब्द गदिमांचे, चाली फडक्यांच्या.

त्या गाण्यांमागं व्हायोलिन वाजवणारे प्रभाकर जोग आपल्याच जिल्ह्यातले. जन्म १९३२ चा, हरेगावचा. वडील लवकर गेले. लहान वयात पुण्याच्या वाड्यांमधून त्यांनी सव्वा रुपया आणि नारळ एवढ्या बिदागीवर व्हायोलिन वाजवलं. पुढं ते फडक्यांचे सहायक झाले, स्वतः चाली बांधल्या, मराठी-हिंदी गाण्यांत वर्षानुवर्षं वाजवलं. ‘गाणारं व्हायोलिन’ हा कार्यक्रम केला, तेव्हा कुठं मागचा माणूस लोकांना पुढं दिसला. २०२१ साली ते गेले.

तेव्हाचं रेकॉर्डिंग आजच्यासारखं तुकड्यातुकड्यानं होत नसे. गाणारा आणि वाजवणारे एकाच वेळी बसायचे. एकाचा हात चुकला की सगळ्यांना पहिल्यापासून सुरू करावं लागे. म्हणजे जबाबदारी सगळ्यांवर सारखी. पण कामाचे पैसे घेऊन वादक घरी जायचा आणि तबकडीवर त्याचं नाव बहुधा नसायचंच.

मोठ्या गायिकेच्या वाट्यालाही हे आलं. १९४९ च्या ‘महल’ सिनेमातलं लताबाईंचं गाणं गाजलं, तेव्हा तबकडीवर नाव होतं ‘कामिनी’, म्हणजे सिनेमातल्या पात्राचं! ऐकणारे रेडिओकडे विचारू लागले, ही गाणारी कोण? तेव्हा खरं नाव पुढं आलं.

याउलट एक चांगलं उदाहरण आपल्या जात्याचं आहे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. ओवीसोबत गाणारीचं नाव आणि गावही लिहून ठेवलं. दळता दळता गाणारी बाई त्या वहीत नावानिशी राहिली.

आता आमचं सांगतो. आमचं भजनी मंडळ एका कार्यक्रमात पाहुण्या गायकामागं गायला बसलं. आम्ही अकराजणी होतो. दोन तास टाळ वाजवले, प्रत्येक अभंगाला साथ केली. महिन्याभरानं त्याचा व्हिडिओ मोबाईलवर फिरत आला. गायकाचं नाव, तबलजीचं नाव, मंडप देणाऱ्याचंही नाव. आमच्यासाठी दोनच शब्द, ‘आणि सहकारी’. आमच्यातली एक म्हणाली, “बचतीचे शंभर रुपये भरले तरी वहीत नाव चढतं. इथं दोन तास गायलो, त्याचं काहीच नाही का?”

बैठकीत यावर चर्चा झाली. चौकशी केल्यावर कळलं की कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली आहे. आपण सादर केलेल्या कलेबरोबर आपलं नाव असावं, हे मागण्याचा हक्क गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना आहे. सिनेमातल्या किरकोळ कामासाठी वगैरे त्यात अपवाद आहेत. म्हणून नंतर भांडण्यापेक्षा आधीच ठरवलेलं बरं.

आमच्या गटानं तीन गोष्टी ठरवल्या, त्या तुम्हालाही सांगतो. पहिली, गायला जाण्याआधी सगळ्याजणींच्या नावांची यादी, गावासकट, आयोजकाच्या हातात द्यायची आणि एक प्रत आपल्या इतिवृत्ताच्या वहीत लावायची. दुसरी, रेकॉर्डिंग होणार का, ते कुठं वाजणार आणि मानधन किती, हे आधी विचारायचं आणि लिहून घ्यायचं. तिसरी, आपल्या गटाच्या कार्यक्रमात निवेदन करणारीनं शेवटी सगळी नावं वाचायची. पेटीवालीचं, टाळवालीचं आणि मागच्या रांगेत झील धरणारीचंही.

नावं वाचायला एक मिनिट लागतं. पुढच्या महिन्यात आमच्या ओव्या या रेडिओवर येतील, तेव्हा शेवटची नावं होईपर्यंत रेडिओ बंद करू नका.