पाच ओळींची बाराखडी

हेडफोन लावलेत ना? आज पाचगणीतून बोलतोय, आणि विषय आहे पियानोचं नोटेशन वाचणं. तेही पार शून्यापासून.

पाचगणी आणि पियानो म्हटलं की एक नाव येतंच. १९४६ साली झांझिबारमध्ये जन्मलेला फारुख बुलसारा हा पारशी मुलगा लहानपणी इथल्या सेंट पीटर्स शाळेत आला. इथेच पियानो शिकला, चौथ्या ग्रेडपर्यंत गेला, मित्रांबरोबर ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला. पुढे जग त्याला फ्रेडी मर्क्युरी म्हणू लागलं. गंमत म्हणजे, नोटेशन आपल्याला जेमतेमच वाचता येतं, असं तो सांगायचा.

मग आपण कशाला शिकायचं? अहो, त्याचा कान जबरदस्त होता. माझा तसा नाही. मी इथे एका लॉजवर काम करतो. रात्री पाहुणे झोपले की कीबोर्डला हेडफोन लावून पंधरा मिनिटं बसतो. पट्ट्या उजळणारे व्हिडिओ बघूनही वाजवता येतं, पण इथल्या पावसाळ्यात नेट गेलं की गाणंही गेलं. आणि ज्या गाण्याचा व्हिडिओ कुणी केलाच नाही, ते तर कायमचं बंद. कागद वाचता आला की कुणावर अडून राहावं लागत नाही.

तर सुरुवात. पाच ओळींचे दोन संच असतात. वरचा साधारण उजव्या हाताचा, खालचा डाव्या. प्रत्येक टिंबाचं नाव पाठ करत बसू नका. तीन खुणा धरा.

एक, वर ट्रेबल क्लेफ असतो. त्याचा वळसा खालून दुसऱ्या ओळीभोवती फिरतो. ती ओळ ‘जी’, म्हणजे पेटीवाल्यांची पांढरी पाच. दोन, खाली बेस क्लेफ. त्याच्या दोन ठिपक्यांमधली ओळ ‘एफ’, पांढरी चार. तीन, दोन्ही संचांच्या मध्ये छोट्या रेघेवर बसलेला ‘मिडल सी’. कीबोर्डच्या मधोमध दोन काळ्यांची जोडी शोधा, तिच्या लगेच डावीकडची पांढरी. तीच पांढरी एक.

आता फक्त अंतर मोजा. ओळीवरून लगतच्या मोकळ्या जागेत गेलात, तर शेजारची पांढरी पट्टी. ओळीवरून पुढच्या ओळीवर, तर मधली एक सोडून. शार्प-फ्लॅट नंतर बघू.

पेटी वाजवणाऱ्यांसाठी एक गोष्ट. आपला ‘सा’ कुठल्याही पट्टीवर धरता येतो. इथे तसं नाही, टिंबाची जागा ठरलेली पट्टीच सांगते.

टिंबांखाली पेन्सिलीने नावं लिहू नका. मग डोळा नावंच वाचतो, टिंबं नाही. ‘कमळ’ वाचताना आपण क, म, ळ असं करतो का? आख्खा शब्द दिसतो. इथेही तेच होतं, फक्त सवयीने. रोज एक नवा, अगदी सोपा तुकडा घ्या. एकच हात, सावकाश, नजर कागदावर.

करून बघा आणि कळवा. पुढच्या भागात मात्रा मोजूया. तोवर, वाजवत राहा!