फर्ग्युसनची साक्ष

मँचेस्टर युनायटेड या फुटबॉल संघाच्या व्यवस्थापकाविषयीं तक्रार केली कीं, लगेच फर्ग्युसनची साक्ष काढण्यांत येते. १९८९ सालीं मँचेस्टर सिटीनें त्यांच्या संघाचा ५-१ असा धुव्वा उडविला, प्रेक्षकांनीं त्यांना निरोपाचा फलकहि दाखविला. पण धीर धरला म्हणूनच १९९३ सालीं लीगचें अजिंक्यपद लाभलें! कबूल. परंतु त्या पडत्या काळांतहि फर्ग्युसन होतकरू मुलांना घडवीत होते, आणि संचालकांना तें दिसत होतें. टेन हाग यांच्या संघानें २०२४ सालीं एफ. ए. चषक जिंकला खरा, पण लीगमध्यें तो आठवा आला. मागून आलेल्या आमोरीम यांच्या हाताखालीं पुढील हंगामाअखेर पंधरावा! प्रेक्षकांनीं तिकिटाचे पैसे मोजून हें पाहिलें, वर संयमाचा उपदेशहि ऐकला. निदान कोणत्या आशेवर थांबावयाचें, एवढें तरी कोणीं त्यांस सांगावयास हवें होतें.