स्वादुपिंड, सबुरी आणि बीड जिल्हा
(शल्यचिकित्सकांच्या परिषदेतील स्वागताध्यक्षीय भाषण, अंबाजोगाई)



आई योगेश्वरीच्या या नगरीत स्वागत समितीच्या वतीने मी आपणा सर्वांचे मनापासून स्वागत करतो. आद्यकवी मुकुंदराजांची समाधी या गावाच्या डोंगरात आहे, दासोपंतांची पासोडी या गावाने जपली आहे. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व करणारे स्वामी रामानंद तीर्थ त्याआधी इथल्या योगेश्वरी शाळेचे मुख्याध्यापक होते. त्यांचे नाव धारण करणारे ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 1974 साली इथे स्थापन झाले. तालुक्याच्या गावात वैद्यकीय महाविद्यालय, ही कल्पनाच त्या काळी अनेकांना धाडसी वाटली होती. आज आपल्यातले कितीतरी जण त्याच वॉर्डांतून घडून राज्यभर गेले आहेत. त्यांना पाहुणे म्हणायला माझी जीभ रेटत नाही. ते घरी आले आहेत.

स्वादुपिंड (पॅनक्रियाज) हा परिषदेचा विषय जाहीर झाला तेव्हा काही मित्रांनी विचारले, ‘पॅनक्रियाजच्या मोठ्या शस्त्रक्रिया मुंबई-पुण्यात होतात, टाटा रुग्णालयात होतात. अंबाजोगाईत त्यावर दोन दिवस काय बोलणार?’ प्रश्न रास्त आहे. स्वादुपिंडाचे डोके काढण्याची व्हिपल शस्त्रक्रिया रोज करणारी केंद्रे मोजकी आहेत आणि ती मोजकीच असावीत. जिथे हाताखालून जास्त रुग्ण जातात तिथे मृत्यू कमी होतात, हे जगभर दिसले आहे. पण स्वादुपिंडाची गुंतागुंत केंद्र पाहून सुरू होत नाही. दारूने किंवा पित्ताशयातल्या खड्याने उठलेली तीव्र सूज रात्री दोन वाजता केजच्या किंवा धारूरच्या दवाखान्यात येते. उसाच्या ट्रॉलीचा दणका बसलेला तरुण, सायकलचे हँडल पोटात घुसलेला मुलगा आधी आपल्याकडेच येतो. मार बसला की स्वादुपिंड मागच्या मणक्यावर चिरडते. पहिल्या दिवशी रक्तातले अमायलेज, म्हणजे स्वादुपिंडाचे विकर, कधी नॉर्मल येते, सीटी स्कॅनही फसवतो, मुलगा घरी जातो आणि काही आठवड्यांनी पोटात गोळा घेऊन परत येतो. त्या रात्री आपण काय केले आणि काय करायचे टाळले, यावर पुढचे सहा महिने ठरतात. म्हणून हा विषय इथला आहे.

विद्यार्थ्यांसाठी थोडे मुळापासून सांगतो. स्वादुपिंड ही ग्रंथी दिवसाला साधारण दीड लिटर रस तयार करते. नलिका फुटली की तो वाट काढतो. कधी शस्त्रक्रियेनंतरच्या ड्रेनमधून बाहेर येतो, कधी पोटात साठून जलोदर होतो, कधी थेट छातीत चढतो आणि आपण फुप्फुसाचे पाणी समजून सुई घालत बसतो. त्या पाण्यातले अमायलेज तपासण्याची आठवण झाली तर निदान पाच मिनिटांचे असते. शस्त्रक्रियेनंतरच्या अशा गळतीची, म्हणजे फिस्टुलाची, व्याख्या 2005 साली आंतरराष्ट्रीय गटाने ठरवली आणि 2016 साली ती सुधारली. तिसऱ्या दिवशी किंवा त्यानंतर ड्रेनमधले अमायलेज रक्तातल्या कमाल नॉर्मलच्या तिपटीहून जास्त असेल तर गळती आहे. रुग्णाला तिचा त्रास नसेल तर तिला आता फिस्टुला म्हणतही नाहीत. उपचार बदलावा लागला तर श्रेणी ‘बी’. पुन्हा शस्त्रक्रिया, अवयव निकामी होणे किंवा मृत्यू यांपर्यंत गेले तर श्रेणी ‘सी’. ग्रंथी मऊ आणि नलिका तीन मिलिमीटरपेक्षा बारीक असेल, तर सांधा गळण्याची भीती सर्वांत जास्त. अशा ग्रंथीला टाका घालणे म्हणजे लोणी शिवणे, हे ज्यांनी केले त्यांना सांगायला नको.

स्वादुपिंडाच्या तीव्र सुजेचा इतिहास म्हणजे शल्यचिकित्सकाने घाई सोडण्याचा इतिहास आहे. बोस्टनच्या रेजिनाल्ड फिट्झ यांनी 1889 साली तीव्र स्वादुपिंडदाहाचे व्यवस्थित वर्णन केले आणि सुरुवातीच्या काळात पोट उघडण्याबद्दल सावधही केले. तरी पुढची कित्येक दशके आपण सडलेला भाग दिसला की पोट उघडत राहिलो. 2010 साली डच मंडळींनी 88 रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका गटात थेट पोट उघडून मृत भाग काढला. दुसऱ्या गटात आधी नळी घातली आणि गरज पडली तरच पुढची पायरी चढली. मोठी गुंतागुंत किंवा मृत्यू पहिल्या गटात 69 टक्के, दुसऱ्यात 40 टक्के. शिवाय दुसऱ्या गटातल्या 35 टक्के रुग्णांना नळीशिवाय काहीच लागले नाही. 2021 साली त्याच देशातून पुढचा अभ्यास आला. संसर्ग झालेल्या रुग्णांत नळी घालणेही पुढे ढकलले, तर 39 टक्के लोक नुसत्या प्रतिजैविकांवर बरे झाले. साधारण चार आठवड्यांनी मृत भागाभोवती भिंत धरते. तिथवर रुग्णाला सांभाळून नेणे हे बिनकौशल्याचे काम नाही. नाकातून आतड्यापर्यंत नळी घालून अन्न चालू ठेवावे लागते, मूत्रपिंड आणि श्वास सांभाळावा लागतो आणि ‘डॉक्टर, ऑपरेशन कधी?’ म्हणणाऱ्या नातेवाइकांना रोज तेच उत्तर शांतपणे द्यावे लागते.

मित्रहो, हे बीड जिल्ह्यात बोलताना एक गोष्ट टाळून पुढे जाता येणार नाही. ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांमुळे 2019 साली या जिल्ह्याचे नाव देशभर गाजले. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. पाहणीत 82,309 महिलांपैकी 13,861 जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. यातल्या किती शस्त्रक्रिया खरोखर गरजेच्या होत्या, याचा हिशेब आपल्या व्यवसायाला द्यावाच लागतो. ज्या जिल्ह्यात इतक्या सहजपणे पोट उघडले गेले, त्या जिल्ह्यातल्या शल्यचिकित्सकांनी एकत्र बसून ‘कधी कापायचे नाही’ हा विषय घ्यावा, असे आमच्या स्वागत समितीत ठरले तेव्हा कोणाचेही दुमत नव्हते.

याचा अर्थ शस्त्रक्रिया करूच नये, असा कोणी काढू नये. फिस्टुला झाला की आधी संसर्ग आवरावा, गळतीला बाहेर पडायला मोकळी वाट द्यावी, पोषण द्यावे, ड्रेनभोवतीची कातडी जपावी. दिवसाला दोनशे मिलिलिटरच्या आतल्या गळतीपैकी बहुतेक एवढ्यावर थांबतात. थांबली नाही तर एमआरसीपीवर नलिकेचा नकाशा पाहावा. नलिका अर्धवट फाटली असेल तर दुर्बिणीतून स्टेंट घालून ती सांधता येते. पण नलिका पूर्ण तुटून शेपटाकडचा भाग सुटा पडला असेल, तर स्टेंटला पलीकडचे टोकच सापडत नाही. तिथे आपले काम सुरू होते. पोटातली सूज ओसरल्यावर, काही महिन्यांनी, फिस्टुलाची वाट आतड्याच्या रू पद्धतीच्या फाट्याला जोडायची, किंवा शेपटाचा भाग काढायचा. प्लीहा काढावी लागली तर लसी विसरायच्या नाहीत आणि मधुमेहाची कल्पना आधीच द्यायची. रस साठून झालेल्या गाठीची भिंत पिकली असेल तर ती जठरात किंवा आतड्यात उघडायची. जीर्ण आजारात नलिका फुगली असेल तर ती लांबवर उघडून आतड्याला जोडायची. हे सगळे वेळेवर केले तर माणूस पुन्हा शेतात उभा राहतो.

थांबता येत नाही अशी एकच जागा मी मुद्दाम वेगळी सांगतो: रक्तस्राव. ड्रेनमध्ये चमचाभर ताजे रक्त दिसले आणि थांबले, म्हणून निश्चिंत होऊ नये. रसाने रक्तवाहिनीची भिंत खाल्लेली असते आणि मोठा स्राव काही तासांवर असू शकतो. रुग्ण स्थिर आहे तोवर सीटी अँजिओग्राफी, आणि जिथे कॉइल घालून वाहिनी बंद करता येते तिथे रवानगी. आपल्यापासून संभाजीनगर दोनशे किलोमीटरच्या पुढे आहे. फोन आधी, गाडी लगेच.

परिचारिका भगिनींना या परिषदेचे निमंत्रण का, असे एकाने विचारले. उत्तर पुन्हा नेदरलँड्सने दिले आहे. तिथल्या सर्व 17 केंद्रांनी स्वादुपिंडाच्या शस्त्रक्रियेनंतर रोज तपासायच्या खुणांची एक ठरीव पद्धत लागू केली आणि तिचा अभ्यास 2022 साली प्रसिद्ध झाला. कोणता आकडा वाढला की स्कॅन, कधी नळी, कधी ड्रेन काढायचा, हे सगळे आधीच लिहिलेले. 1,748 रुग्णांत मोठा रक्तस्राव, अवयव निकामी होणे किंवा मृत्यू यांचे प्रमाण 14 वरून 8 टक्क्यांवर आले. नवे यंत्र नाही, नवा टाका नाही. ड्रेनचे माप आणि रंग वेळेवर लिहिणारा हात आणि ते वाचणारा डॉक्टर, एवढेच. हे बीडमध्येही जमते.

आणि आता कोल्हापूर, सांगली, सातारा आणि बेळगावहून आलेल्या सहकाऱ्यांचे विशेष स्वागत. दसरा झाला की आमच्या ऊसतोड टोळ्या मुकादमाची उचल घेऊन तुमच्या कारखान्यांवर येतात. जवळपास सहा महिने आमचे रुग्ण तुमचे असतात. तिथल्या कोपीवर (झोपडीवर) पोट दुखले तर ऑपरेशन तुमच्याकडे होते, आणि पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की तोच माणूस पोटात नळी घेऊन वडवणीला परततो. कागद कुठेतरी पडलेला असतो. नळी कशासाठी आहे, तिचे टोक कुठे आहे, स्टेंट कधी घातला, हे त्याला ठाऊक नसते. स्टेंट मात्र दोन-तीन महिन्यांत तुंबू लागतो.

म्हणून स्वागत समितीची आपल्याकडे एकच मागणी आहे. उद्याच्या समारोपापूर्वी आपण एक पानी कार्ड मंजूर करावे. त्यावर काय केले, कोणती नळी कुठे आहे, तिसऱ्या दिवसाचे अमायलेज, नलिकेची स्थिती, स्टेंट काढण्याची तारीख आणि फोन करायचा नंबर असावा. ऊसतोड मजूर जिथून जातात आणि जिथे जातात, त्या दोन्हीकडच्या दवाखान्यांत ते चालावे. आणि ते मराठीत असावे. सीमेपलीकडे कन्नडही असावे. मुकुंदराजांनी वेदान्तासारखा विषय लोकांच्या भाषेत मांडला. आपल्याला तर फक्त एवढे सांगायचे आहे की ही नळी ओढू नका, ताप आला तर त्याच दिवशी या, दारू कायमची सोडा. संमतिपत्रावर अंगठा घेण्याआधीही त्याच भाषेत पाच मिनिटे बोलावे. गर्भाशयाच्या प्रकरणात आपल्याला सर्वांत महाग पडले ते न बोलणेच.

 सवड काढून योगेश्वरीचे दर्शन घ्या, परळीच्या वैजनाथालाही जा. समुद्रमंथनातले अमृत आणि धन्वंतरी त्या लिंगात लपवले, अशी तिथली कथा आहे. पण उद्या दुपारी कार्डावरच्या चर्चेला मात्र सगळे सभागृहात हवेत. मसुदा तुमच्या पिशव्यांत ठेवला आहे. त्यावर लाल पेन चालवा, भांडा, खोडा, आणि सही करूनच परत जा.